टाकी भरून वाहिली, तरी पंप चालूच: एका एमक्यूटीटी जोडणीचं प्रकरण

रात्री वीज गेली आणि थोड्या वेळाने परत आली. त्यानंतर कोणीही बटण न दाबता पंप सुरू झाला. गच्चीवरची टाकी भरली, वाहू लागली आणि तळटाकीतलं पाणी संपेपर्यंत वाहतच राहिली. पंप अखेर थांबला तो तळटाकीतल्या फ्लोट स्विचमुळे. हा स्विच साध्या तारेने थेट कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला जोडलेला होता, त्याचा नेटवर्कशी काही संबंध नव्हता. बाकी सगळी यंत्रणा एमक्यूटीटीवर, म्हणजे उपकरणांनी नेटवर्कवर छोटे संदेश देण्याघेण्याच्या एका नियमावलीवर (प्रोटोकॉलवर) चालत होती, आणि गच्चीवरच्या सेन्सरची उतरलेली बॅटरी सोडली तर त्या रात्री तिच्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. जे संदेश पोहोचले ते प्रोटोकॉलच्या नियमांप्रमाणेच पोहोचले होते. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. छोट्या उपकरणांवर एमक्यूटीटी क्लायंट वापरणाऱ्या कोणाच्याही यंत्रणेत हीच मांडणी असू शकते.

यंत्रणेची मांडणी

पंपाच्या खोलीत ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा एक बोर्ड आहे. त्याच्या रिलेवर कॉन्टॅक्टर आणि कॉन्टॅक्टरवर पंप. गच्चीवर त्याच चिपचा दुसरा बोर्ड आहे, तो बॅटरीवर चालतो. टाकीच्या झाकणाखाली बसवलेल्या अल्ट्रासॉनिक सेन्सरने तो दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी मोजतो, टक्क्यांत कळवतो आणि झोपी जातो. कार्यालयात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे आणि त्यावर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे संदेश पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, चालतो. देखभाल करणाऱ्यांच्या फोनवर ॲप आहे. दोन्ही बोर्डांवर आर्डुइनोसाठीची पबसबक्लायंट ही लायब्ररी आहे.

पब्लिश-सबस्क्राइब पद्धतीत कोणतंही उपकरण दुसऱ्या उपकरणाशी थेट बोलत नाही. एक जण एखाद्या टॉपिकवर संदेश पब्लिश करतो, ब्रोकर तो घेतो आणि त्या टॉपिकला ज्यांनी सबस्क्राइब केलं आहे त्यांच्याकडे पाठवतो. इथे तीन टॉपिक होते: ‘पंप/आदेश’, ‘पंप/स्थिती’ आणि ‘टाकी/पातळी’. ॲप आदेश पब्लिश करायचं. पंपाचा बोर्ड आदेश आणि पातळी दोन्ही ऐकायचा आणि आपली स्थिती कळवायचा. पातळी ऐंशी टक्क्यांवर गेली की तो स्वतःच पंप बंद करायचा.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं आणि पहिले काही महिने ते तसंच चाललं.

‘मी बटण दाबलंच नाही’

देखभाल पाहणारे काका पहिल्यापासून एकच सांगत होते: “साहेब, मी बटण दाबलंच नाही.” ते खरं होतं. त्या रात्री कोणीच बटण दाबलं नव्हतं. दाबलं होतं आदल्या दिवशी.

ब्रोकरच्या लॉगमध्ये वीज आल्यानंतर पंपाचा बोर्ड जोडला गेल्याची आणि त्याने टॉपिक सबस्क्राइब केल्याची नोंद होती. ॲपकडून आलेल्या नव्या आदेशाची नोंद मात्र नव्हती. मग आदेश आला कुठून? हे तपासायला मॉस्किटोसोबत मिळणारं सबस्क्राइब करण्याचं कमांड-लाइन साधन पुरेसं झालं. सगळं शांत असताना, कोणीही काही पाठवत नसताना, ‘पंप/आदेश’ला नव्याने सबस्क्राइब केलं. उत्तर तत्क्षणी आलं: ‘चालू’.

हा रिटेन्ड संदेश होता. पब्लिश करताना रिटेन्डचा बिट लावला की ब्रोकर तो संदेश त्या टॉपिकचा शेवटचा संदेश म्हणून जपून ठेवतो आणि पुढे जो कोणी सबस्क्राइब करेल त्याला लगेच देतो. एका टॉपिकवर असा एकच संदेश राहतो, नवा आला की जुना पुसला जातो.

आदेशाला रिटेन्ड लावण्यामागे एक सरळ कारण होतं. सुरुवातीला पंपाच्या खोलीत वाय-फाय कमकुवत होतं. ॲपवरून ‘चालू’ पाठवलं आणि त्या क्षणी बोर्ड जोडलेला नसला, तर आदेश हवेत विरायचा. यंत्रणा बसवणाऱ्याने रिटेन्ड लावलं आणि तक्रार थांबली, कारण बोर्ड परत जोडला गेला की आदेश त्याची वाटच पाहत असायचा. पुढे राउटर हलवला, वाय-फाय सुधारलं, पण रिटेन्ड तसंच राहिलं.

आता क्रम पाहा. आदल्या दिवशी काकांनी ॲपवरून ‘चालू’ केलं. टाकी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरली, बोर्डाने पंप स्वतः बंद केला आणि ‘पंप/स्थिती’वर ‘बंद’ कळवलं. पण ‘पंप/आदेश’वर ‘बंद’ कोणीच पाठवलं नव्हतं, कारण पाठवायची गरजच पडली नव्हती. त्यामुळे ब्रोकरकडे शेवटचा आदेश म्हणून ‘चालू’ तसाच पडून होता. वीज गेली तेव्हा रास्पबेरी पायही बंद पडला. पण डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजमधून बसवलेल्या मॉस्किटोमध्ये परसिस्टन्स चालू असतो, म्हणजे रिटेन्ड संदेश डिस्कवर लिहिले जातात. ब्रोकर उठला तो तोच आदेश घेऊन. पंपाचा बोर्ड उठला, जोडला गेला, सबस्क्राइब केलं आणि पुढच्याच क्षणी त्याच्या हातात कालचा आदेश पडला. त्याच्या दृष्टीने तो आत्ताच दिलेला होता.

इथे प्रोटोकॉलचा इतिहास उपयोगी पडतो. एमक्यूटीटी १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी तयार केला, तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी. उपग्रहावरचा प्रत्येक बाइट महाग होता, म्हणून सर्वांत लहान पॅकेट अवघ्या दोन बाइटचं ठेवलं गेलं. अशा ठिकाणी उपकरणाने बदल झाल्यावरच कळवणं परवडतं. मग मधेच जोडल्या गेलेल्या माणसाला वाहिनीतला सध्याचा दाब कसा कळणार? पुढचा बदल कदाचित तासाभराने होईल. रिटेन्ड संदेश हीच उणीव भरतो: शेवटची माहीत असलेली स्थिती, जो येईल त्याला.

म्हणजे स्थिती ही पाटी आहे, कोणीही केव्हाही येऊन वाचावी. आदेश ही हाक आहे, ती त्या क्षणी ऐकू आली तरच तिला अर्थ. या यंत्रणेत हाक पाटीवर लिहून ठेवली होती, आणि ब्रोकरला त्यातला फरक कळण्याचा काही मार्गच नाही. संदेशाच्या आत काय आहे हे तो पाहत नाही. तो पाहत नाही म्हणूनच तो एवढा हलका आणि सर्वोपयोगी आहे.

टाकी भरल्यावर तरी पंप थांबायला हवा होता

कालचा आदेश पाळला गेला, इतकंच झालं असतं तर नुकसान थोडं होतं. ऐंशी टक्क्यांची मर्यादा बोर्डात होती. ती का चालली नाही, हा या प्रकरणाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर भाग आहे.

गच्चीवरच्या बोर्डाची बॅटरी त्या रात्रीपूर्वीच उतरली होती. शेवटचा संदेश होता ‘६२’, तोही रिटेन्ड. पातळी ही स्थिती असल्यामुळे इथे रिटेन्ड वापरणं रास्तच होतं. पण त्या ‘६२’ला वय नव्हतं. ॲपवर ६२ टक्के दिसत राहिले आणि कोणालाही शंका आली नाही, कारण पडद्यावरचा आकडा पाच मिनिटांपूर्वीचा आहे की तीन दिवसांपूर्वीचा, हे नुसत्या आकड्याकडे पाहून ओळखता येत नाही.

पंपाच्या बोर्डावर मात्र शिळ्या माहितीसाठी तपासणी होती. शेवटची पातळी येऊन वीस मिनिटं झाली असतील तर पंप चालवायचा नाही, असा नियम लिहिलेला होता. विचार उत्तम होता. पण ‘पातळी केव्हा आली’ ही वेळ बोर्ड स्वतःच्या घड्याळावर, संदेश हातात पडला त्या क्षणी नोंदवायचा. चालू असलेला बोर्ड वीस मिनिटांनी पंप चालवायला नकार देत होता, हे लॉगमध्ये दिसतही होतं. वीज जाऊन आली आणि बोर्डाने पुन्हा सबस्क्राइब केलं, तेव्हा ब्रोकरने जुनं ‘६२’ पुन्हा दिलं आणि ते ताजं म्हणून नोंदवलं गेलं. त्यानंतर पंपाच्या बोर्डाची जोडणी अधूनमधून तुटत-जुळत राहिली. प्रत्येक जोडणीला नवं सबस्क्रिप्शन, प्रत्येक सबस्क्रिप्शनला तेच ‘६२’, आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटांचं घड्याळ शून्यावर. शिळेपणाची तपासणी चालू होती, फक्त तिला शिळं काही दिसतच नव्हतं.

प्रोटोकॉलमध्ये यावर इशारा आहे. नव्या सबस्क्रिप्शनमुळे दिलेल्या संदेशावर ब्रोकर रिटेन्डचा बिट लावून पाठवतो. आधीपासून चालू असलेल्या सबस्क्रिप्शनवर तोच संदेश ताजा आला तर तो बिट उतरवलेला असतो. म्हणजे ‘हे आधीचं आहे’ आणि ‘हे आत्ताचं आहे’ यातला फरक येणाऱ्या पॅकेटमध्ये उपलब्ध असतो. पण पबसबक्लायंटच्या कॉलबॅकला, म्हणजे संदेश आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, टॉपिक, मजकूर आणि लांबी एवढंच मिळतं. तो बिट लायब्ररीतच राहतो. वापरणाऱ्याने लायब्ररीचा मूळ कोड वाचला नसेल तर असा काही बिट असतो हेही त्याला कळणार नाही.

यात आणखी एक बारीक गोष्ट होती. बोर्ड सुरू होताना पातळीच्या व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत शून्य होती. शून्य म्हणजे रिकामी टाकी. आदेशाचं सबस्क्रिप्शन आधी होत असल्याने ‘चालू’ आधी आलं, बोर्डाने टाकी रिकामी समजून पंप लगेच सुरू केला आणि ‘६२’ नंतर आलं. सेन्सर पूर्ण ठणठणीत असता आणि टाकी काठोकाठ भरलेली असती, तरी पंप क्षणभर का होईना सुरू झालाच असता. ‘माहीत नाही’ ही शून्याहून वेगळी अवस्था आहे. छोट्या उपकरणांच्या कोडमध्ये ती बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते.

लास्ट विल कुठे गेलं?

उपकरण अचानक गेलं तर ब्रोकरने त्याच्या वतीने संदेश पाठवावा, ही सोय एमक्यूटीटीत आहे. तिला लास्ट विल म्हणतात आणि ती दोन्ही बोर्डांवर लावलेली होती. मग बॅटरी उतरलेली का कळली नाही?

कारण गच्चीवरचा बोर्ड झोपणारा आहे. ईएसपी८२६६ची चिप डीप स्लीपमध्ये २० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, तर वाय-फायवर पाठवताना तिला १७० मिलिअँपिअरपर्यंत लागतात, म्हणजे हजारो पटींनी जास्त. बॅटरीवर चालायचं तर झोपणं अटळ आहे. बोर्ड झोपण्यापूर्वी रीतसर डिस्कनेक्ट पाठवतो, आणि रीतसर निरोप घेतला की ब्रोकर विल टाकून देतो. बॅटरी झोपेतच संपली. ब्रोकरच्या दृष्टीने तो क्लायंट व्यवस्थित निघून गेलेला होता. डिस्कनेक्ट न पाठवता झोपावं तर दर पाच मिनिटांनी विल सुटेल आणि आठवड्याभरात त्याकडे कोणी पाहणार नाही. झोपणाऱ्या उपकरणाला लास्ट विलचा उपयोग नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचा मार्ग सोपा होतो: तो हजर आहे की नाही हे त्याचा संदेश ऐकणाऱ्यानेच ठरवायचं.

पंपाच्या बोर्डाला विलचा उपयोग आहे, पण तिथे कीप-अलाइव्ह, म्हणजे क्लायंट जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहू शकतो तो काळ, ६०० सेकंदांवर ठेवलेला होता. गच्चीच्या बोर्डाचा कोड तसाच आणला असावा. क्लायंट गप्प झाला तर कीप-अलाइव्हच्या दीडपट वेळ थांबून ब्रोकर जोडणी तोडतो. इथे ते ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, होत होते. तितका वेळ ॲप पंपाला ‘ऑनलाइन’ दाखवत राहायचं. याचा दुसरा, कमी लक्षात येणारा परिणाम असा की या अर्धमेल्या जोडणीवर ब्रोकरने ढकललेला आदेश टीसीपी (जोडणी सांभाळणारा खालचा प्रोटोकॉल) पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि वाय-फाय परत आलं की तो उशिरा पोहोचतो. आदेश किती उशिरा लागू होऊ शकतो याची कमाल मर्यादा अशा प्रकारे कीप-अलाइव्हवर ठरते. लायब्ररीची मूळ १५ सेकंदांची किंमत इथे अगदी योग्य होती.

शोधताना सापडलेलं बाकीचं

मुख्य कारणाचा शोध घेताना आणखी काही सापडलं. त्यातलं एक इतकं धोकादायक होतं की पुरेसा वेळ मिळाला असता तर दुसरा अपघात त्यानेच घडवला असता.

ब्रोकर सापडत नसेल तर बोर्ड एका लूपमध्ये अडकायचा: जोडणीचा प्रयत्न, पाच सेकंद थांबा, पुन्हा प्रयत्न. लायब्ररीसोबत येणाऱ्या, सर्वांत जास्त उचलल्या जाणाऱ्या उदाहरणात हाच लूप आहे. शिकायला तो ठीक आहे. पण या लूपमधून बाहेर येईपर्यंत बोर्ड दुसरं काहीही करत नाही: पातळीची मर्यादा, जास्तीत जास्त वेळाची मर्यादा, पंपाच्या खोलीतलं बंद करण्याचं बटण, सगळं थांबलेलं. पंप चालू असताना रास्पबेरी पाय बंद पडला तर तो परत येईपर्यंत पंपावर कोणाचाच ताबा नाही. त्याच लायब्ररीत न अडकवणारं उदाहरणही आहे, ज्यात प्रयत्नांमधली वेळ मोजून मुख्य लूप चालू ठेवला जातो. ज्याच्या हातात मोटर आहे त्या कोणत्याही उपकरणात हे दुसरं उदाहरणच वापरायला हवं.

क्लायंट आयडीचा घोळ लवकर उलगडला. पंपासाठी एक राखीव बोर्ड त्याच फर्मवेअरने तयार करून कार्यालयात चालू ठेवला होता. दोघांचा आयडी एकच. नियमाप्रमाणे त्याच आयडीने नवा क्लायंट आला की ब्रोकर जुन्याची जोडणी तोडतो. जुना परत येतो, नव्याला हाकलतो, आणि हे अखंड चालू राहतं. वाय-फाय तुटत-जुळत असल्याचा समज बराचसा यातूनच आला होता. ब्रोकरच्या लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. आता आयडी चिपच्या क्रमांकावरून तयार होतो.

तिसरी गोष्ट मराठी वाचकांच्या खास कामाची आहे. काही काळापूर्वी स्थितीचा संदेश इंग्रजीतून मराठीत केला होता, सोबत कारणही जोडलं होतं, म्हणजे पंप का सुरू झाला, का थांबला वगैरे. तेव्हापासून काही संदेश येईनासे झाले. पबसबक्लायंटचा बफर, म्हणजे संदेश ठेवण्याची जागा, मुळात २५६ बाइटचा असतो. शीर्षकासाठीची जागा आणि टॉपिकच्या लांबीचे दोन बाइट वजा केले की टॉपिक आणि मजकूर मिळून २४९ बाइट उरतात. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे तीन-तीन बाइट घेतात. ‘पंप’ हा शब्द नऊ बाइटचा, ‘चालू’ बारा बाइटचा. दोन वाक्यांचं कारण लिहिलं की मर्यादा ओलांडली. अशा वेळी पब्लिशचं फंक्शन काहीही न पाठवता ‘असत्य’ परत करतं, आणि कोडमध्ये ते उत्तर कोणी पाहत नव्हतं. बफर मोठा करता येतो. इथे मात्र उपकरणाने कारणाचा छोटा क्रमांक पाठवायचा आणि मराठी वाक्य ॲपने तयार करायचं असं ठरलं. मराठी मजकूर उपकरणात ठेवण्याला विरोध नाही, पण जिथे जागा भरपूर आहे तिथे तो असावा.

कॉलबॅकमध्येही एक जुनी खोड सापडली. लायब्ररी येणाऱ्या आणि जाणाऱ्या संदेशांसाठी एकच बफर वापरते. कॉलबॅकच्या आतून पब्लिश केलं की हातात असलेला मजकूर पुसला जातो. बोर्ड आदेश मिळाल्याबरोबर स्थिती कळवायचा आणि मग आदेशाचा मजकूर पुन्हा वाचायचा. मजकूर आधी स्वतःकडे उतरवून घेणं एवढाच त्यावरचा उपाय.

क्यूओएस वाढवण्याचा प्रस्ताव

यंत्रणा बसवणाऱ्याचा पहिला प्रस्ताव होता की आदेश क्यूओएस (संदेश पोहोचण्याच्या हमीची पातळी) २ वर न्यावेत, म्हणजे नेमके एकदाच पोहोचतील. हा सल्ला सगळीकडे मिळतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

त्या रात्री पंप सुरू व्हायला आदेश एकदा पोहोचणंच पुरेसं होतं. अडचण त्याच्या संख्येची नव्हती, वयाची होती. शिवाय क्यूओएसची हमी टप्प्याटप्प्याची असते: ॲप ते ब्रोकर एक टप्पा, ब्रोकर ते बोर्ड दुसरा. ॲपला मिळालेली पोच ब्रोकरला संदेश मिळाल्याची असते, पंपाला मिळाल्याची नाही. आणि पबसबक्लायंट क्यूओएस ० वरच पब्लिश करतं, सबस्क्राइब ० किंवा १ वर करतं. २ त्यात नाहीच.

कोणत्याही टॉपिकबद्दल मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात: हा संदेश उशिरा आला तर काय होईल, दोनदा आला तर काय होईल, आणि आलाच नाही तर काय होईल? त्यांची उत्तरं क्यूओएसच्या आकड्यात नसतात. ती संदेश कसा लिहिला आहे यात आणि घेणारा त्याचं काय करतो यात असतात.

नवी मांडणी

‘पंप/आदेश’वरचं रिटेन्ड काढलं, आणि त्या टॉपिकवर रिकाम्या मजकुराचा रिटेन्ड संदेश पाठवून ब्रोकरकडचं जुनं ‘चालू’ पुसलं. कोडमधून बिट काढला तरी आधीचा संदेश आपोआप जात नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. पंपाचा बोर्ड क्लीन सेशनने जोडला जातो. त्यामुळे तो नसताना आलेले आदेश त्याच्यासाठी रांगेत साठत नाहीत. आदेश हरवू दिला जातो, आणि ते जाणूनबुजून.

हरवलेला आदेश माणसाला कळणं मात्र आवश्यक आहे. म्हणून ॲप आता बटण दाबल्यावर ‘चालू’ दाखवत नाही, ‘पाठवलं’ दाखवतं. बोर्डाने ‘पंप/स्थिती’वर त्याच आदेशाचा क्रमांक परत केला की मगच ‘चालू’ दिसतं. काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर ‘पंपाने उत्तर दिलं नाही’ असं स्पष्ट लिहिलं जातं. काकांना हा बदल सर्वांत आवडला, कारण पूर्वी त्यांना पंपाच्या खोलीत जाऊन आवाज ऐकावा लागायचा.

आदेशाचा मजकूरही बदलला. त्यात आता क्रमांक आणि मुदत असते: अमुक क्रमांक, चालू, वीस मिनिटं. क्यूओएस १ मुळे तोच क्रमांक दोनदा आला तर दुसरा दुर्लक्षित होतो. मुदत संपली की बोर्ड पंप बंद करतो, मग ब्रोकर असो, नसो, वाय-फाय असो, नसो. ‘चालू’ हा आदेश अनिश्चित काळासाठी देता येणं हीच मूळ मांडणीतली सर्वांत मोठी उणीव होती, असं मला आजही वाटतं.

‘टाकी/पातळी’ रिटेन्डच राहिली, पण प्रत्येक मोजमापाला अनुक्रमांक जोडला. डीप स्लीपमधून उठलेल्या बोर्डाला रॅममधलं काही आठवत नाही, म्हणून अनुक्रमांक चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवला. ती झोपेत टिकते, बॅटरी काढली की जाते. पंपाचा बोर्ड सुरू झाल्यावर आलेला पहिला अनुक्रमांक फक्त लक्षात ठेवतो, ताजा मानत नाही. त्याहून वेगळा क्रमांक आला तेव्हाच पातळी ताजी. पुन्हा जोडणी झाली आणि तोच क्रमांक परत आला तर वीस मिनिटांचं घड्याळ जसं चालू आहे तसं चालू राहतं. ‘मोठा’ क्रमांक न मागता ‘वेगळा’ मागण्याचं कारण बॅटरी बदलल्यावर मोजणी नव्याने सुरू होते हे आहे. या पद्धतीला दोन्ही बोर्डांवरची घड्याळं जुळवावी लागत नाहीत. वीज येऊन इंटरनेट अजून आलेलं नसेल तेव्हा हेच महत्त्वाचं ठरतं. २०१९ मध्ये आलेल्या एमक्यूटीटी ५ मध्ये संदेशाला मुदत देण्याची आणि सबस्क्राइब करताना रिटेन्ड संदेश नको म्हणण्याची सोय आहे. पण पबसबक्लायंट एमक्यूटीटी ३.१.१ या आधीच्या आवृत्तीपर्यंतच जातं, आणि एवढ्यासाठी क्लायंट बदलण्याची गरज वाटली नाही.

रिटेन्डचा खरा उपयोग एका नव्या जागी झाला. पंप टाकी साधारण चाळीस मिनिटांत भरतो, म्हणजे पाच मिनिटांत बारा टक्क्यांहून जास्त. ऐंशीची मर्यादा असली तरी दोन मोजमापांमध्ये एखादा संदेश हरवला तर पाणी काठावर येतं. आता गच्चीवरचा बोर्ड उठला की ‘पंप/स्थिती’ला सबस्क्राइब करतो. स्थिती रिटेन्ड असल्याने उत्तर लगेच मिळतं. पंप चालू असेल तर तो पुढच्या मिनिटाला उठतो, नसेल तर पाच मिनिटांनी. झोपेत असताना त्याने काहीही चुकवलेलं नसतं, कारण त्याला हवी असते ती फक्त शेवटची स्थिती. त्यासाठी त्याला थोडा वेळ जास्त जागं राहून लायब्ररीचा लूप चालवावा लागतो. तेवढी बॅटरी खर्च करणं योग्य आहे. झोपण्यापूर्वी डिस्कनेक्ट करून किंचित थांबणंही घातलं, नाहीतर शेवटचा संदेश टीसीपीतून बाहेर पडण्याआधीच चिप झोपायची.

गच्चीच्या टाकीत एक फ्लोट स्विच बसवून तोही तारेने कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेतला. पाणी काठाला लागलं की पंपाची वीज तुटते, फर्मवेअर काहीही म्हणो. सोयीसाठी नेटवर्क आणि सुरक्षिततेसाठी तार, ही विभागणी पहिल्या दिवसापासून असती तर पाणी वाहिलं नसतं आणि चुकीच्या आदेशाची तक्रार ‘पंप उगाच क्षणभर सुरू होतो’ एवढ्यावर थांबली असती.

तपासणी

बदलांनंतरच्या चाचण्या मुद्दाम वाईट परिस्थितीच्या घेतल्या. पंप चालू असताना रास्पबेरी पायची वायर काढली: मुदत संपल्यावर पंप थांबला, आणि त्याआधी खोलीतल्या बटणाने तो बंदही करता आला. गच्चीवरची बॅटरी काढून पंपाचा बोर्ड वारंवार रीसेट केला: रिटेन्ड पातळी दर वेळी आली, बोर्डाने ती ताजी मानली नाही आणि पंप चालवायला नकार दिला. संपूर्ण इमारतीची वीज घालवून परत आणली: पंप गप्प राहिला. ॲपवरून आदेश देऊन लगेच वाय-फाय बंद केलं: ‘पंपाने उत्तर दिलं नाही’.

सुरक्षेच्या बाबतीत तूर्त पासवर्ड आणि टॉपिकवार परवानग्या आहेत. गच्चीचा बोर्ड फक्त पातळी लिहू शकतो, आदेश लिहू शकत नाही. टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, घातलेलं नाही. ईएसपी८२६६वर बेअरएसएसएल या टीएलएस लायब्ररीचा येणाऱ्या डेटाचा बफरच मुळात सोळा किलोबाइटचा असतो आणि चिपवर मोकळी मेमरी जेमतेम चाळीस किलोबाइट उरते. बफर लहान करण्यासाठी समोरच्या सर्व्हरने तशी तडजोड मान्य करावी लागते. ब्रोकर इमारतीच्या आतल्या नेटवर्कबाहेर उघडलेला नाही तोवर हे चालेल. घराबाहेरून पंप पाहायची मागणी आली आहे. ती मान्य करण्याआधी पंपाच्या खोलीतला बोर्ड जास्त मेमरीच्या ईएसपी३२ चिपवर नेऊन टीएलएस घालायचं आहे. पातळीसोबत बॅटरीचं व्होल्टेज पाठवायला सुरुवात झाली आहे, फक्त कितीच्या खाली गेलं की काकांना कळवायचं ते अजून ठरायचं आहे.